उघडताच फुलणारं, मिटताच सपाट बसणारं सात फुलांचं भेटकार्ड

प्रश्न थोडक्यात असा आहे: सात कागदी फुलं एकमेकांना चिकटवून, उघडलं की गुच्छ वर येईल असं भेटकार्ड केलं. सुटी फुलं छान दिसतात. कार्ड मिटताना मात्र ते मध्येच अडतं, जोर लावला की पाकळ्या चुरगळतात आणि एक-दोन पाकळ्या कडेतून बाहेर डोकावतात. मुळात आराखडा कसा करावा, म्हणजे ते आपोआप सपाट बसेल?

आधी दोन शब्द ठरवून घेऊ. फुलाच्या खालच्या निमुळत्या टोकाला बूड म्हणू आणि पाकळीच्या वरच्या टोकाला शेंडा. हे कार्ड बिघडतं तेव्हा बहुतेक जण पाकळ्यांचा आकार सुधारत बसतात. दोष पाकळ्यांत क्वचितच असतो. मिटलेल्या अवस्थेत सातही बुडं एकाच सरळ रेषेवर आहेत का आणि फुलं फक्त शेंड्यांपाशी जोडली आहेत का, या दोन गोष्टींवर सगळं अवलंबून असतं. पाकळी वेडीवाकडी कापली गेली तरी कार्ड मिटतं, पण बूड ४ मिमी सरकलं तर मिटत नाही.

फुलाला पाकळ्या सहाच का, हे समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. चौरस तीनदा दुमडून कापला की ४५ अंशांच्या आठ पाकळ्या मिळतात. आठांची बेरीज ३६० अंश, म्हणजे फूल ताटलीसारखं सपाटच राहतं, त्याला खोली येत नाही. एक पाकळी कापून टाकायची आणि उरलेल्या सातांपैकी कडेच्या दोन एकमेकींवर चिकटवायच्या. दिसायला सहा पाकळ्या उरतात, कोन होतो २७० अंश आणि फुलाचा द्रोण तयार होतो. हा द्रोण मधोमध चेपला की तीन पाकळ्या वर, तीन खाली, दोन्हीकडे १३५ अंश. घडीकामात कावासाकी यांच्या नावाचा एक नियम आहे: एका बिंदूतून निघणाऱ्या घड्यांमधले एकाआड एक कोन मिळवले आणि दोन्ही बेरजा सारख्या आल्या, तरच कागद त्या बिंदूपाशी सपाट मिटतो. द्रोणालाही तो लागू पडतो.

आता कोणी पाकळी कापायची विसरलं आणि नुसती एकीवर एक चिकटवली, तर सात पाकळ्या राहतात. मग घडी एका बाजूला दोन पाकळ्यांमधून आणि दुसऱ्या बाजूला एका पाकळीच्या पोटातून जाते. सुटं फूल मिटतं, पण शेंडे समोरासमोर येत नाहीत आणि गुच्छ तिरका होतो. पाच पाकळ्यांचंही तेच. म्हणून जास्वंद किंवा सदाफुली या रचनेत बसत नाही, कारण त्या खऱ्या पाच पाकळ्यांच्या. निशिगंध आणि लिली मात्र शोभतात. पाकळी टोकदार कापून कागद पांढरा घेतला की निशिगंध झालाच.

कागद: पाकळ्यांसाठी ८० ते १०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आकडा जास्त तितका कागद जाड) रंगीत कागद, झेरॉक्सच्या दुकानात मिळतो तो चालतो. घोटीव कागद पातळ असल्याने घडी सुरेख घेतो, पण त्याचा रंग एकाच बाजूला असतो. रंगीत बाजू द्रोणाच्या आत यायला हवी, कारण उघडल्यावर तीच दिसते. १२० जीएसएमच्या वर जाऊ नका. तिसऱ्या घडीत आठ पदर एकावर एक येतात, जाड कागदात बाहेरचा पदर आतल्यापेक्षा सरकतो आणि पाकळ्या लहानमोठ्या निघतात. कार्डासाठी उलट जाड हवं, २५० ते ३०० जीएसएम. गुच्छ उघडताना कार्डाच्या दोन्ही पानांना आत ओढतो आणि पातळ कार्ड त्या ओढीने वाकतं.

कार्ड म्हणजे ए-४ आकाराचा कागद, २९.७ × २१ सेंमी, मधोमध दुमडून. मधली घडी २१ सेंमी लांबीची होईल अशी दुमडा. कागदाचे तंतू ज्या दिशेने धावतात (छापखान्यात याला ग्रेन म्हणतात) त्या दिशेला समांतर घडी स्वच्छ येते, आडवी आली की तडकते. दुमडण्याआधी कागद दोन्ही दिशांनी हलका वाकवून पाहा, ज्या वाकात कागद कमी विरोध करतो, त्या वाकाची रेष म्हणजे तंतूंची दिशा. पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्या आणि मग दुमडा. दाबलेली खाच कार्डाच्या बाहेरच्या अंगाला आणि उठलेली कड आतल्या अंगाला हवी. उलट केलं तर घडीशी कागद फाटल्यासारखा दिसतो.

फुलांसाठी ७ सेंमीचे सात चौरस कापा. एका ए-४ कागदातून असे बारा निघतात, त्यामुळे दोन रंग घेतलेत तर मधलं फूल वेगळं करता येईल. चौरसाची अर्धी घडी, पुन्हा अर्धी, की ३.५ सेंमीचा लहान चौरस होतो. यात एक कोपरा असा असतो जिथे सगळे पदर बंद आहेत, तो मूळ चौरसाचा मध्य. तिथे पेन्सिलीने ठिपका द्या. तिसरी घडी कर्णावर, आणि ती त्या ठिपक्यातूनच जायला हवी. नवशिक्यांची पहिली चूक इथेच होते: दुसऱ्या कर्णावर दुमडलं की कापल्यावर फुलाऐवजी सुटे तुकडे हातात येतात.

त्रिकोण झाला की ठिपक्यापासून बरोबर मधोमध ३.५ सेंमीवर खूण करा, हा शेंडा. दोन्ही कडांवर ठिपक्यापासून २.२ सेंमीवर खुणा करा, या दोन पाकळ्यांमधल्या खाचा. तिन्ही खुणांमधून कमान काढा. खाच यापेक्षा खोल नेऊ नका. पाकळ्या सुट्या दिसाव्यात म्हणून कात्री खोल गेली की फुलाला पकड राहत नाही, आणि उघडताना ओढ बसल्यावर पाकळी घडीवर फाटते. कमानीचा साचा पुठ्ठ्याचा करून घेतलात तर सातही फुलं सारखी येतील. कापताना कात्री एका जागी ठेवा आणि कागद फिरवा.

शेवटी बुडाचं टोक जेमतेम १ मिमी छाटा. उलगडल्यावर मध्याशी बारीक भोक दिसेल. सगळ्या घड्या एकाच बिंदूत येतात तिथे कागद चुरतो आणि मिटताना गाठ होते, या भोकाने ती सुटते. भोक २ मिमीपेक्षा मोठं झालं तर वरून दिसतं.

रेषा, ठिपके, पाकळीच्या मुळाशी गडद छटा, जे काही रंगकाम असेल ते आत्ताच, फूल सपाट असताना. द्रोण झाल्यावर आत हात पोचत नाही. मग एक पाकळी काढून टाका, कडेच्या एका पाकळीला गोंद लावून दुसरी तिच्यावर बरोबर बसवा. ही दुहेरी पाकळी मिटल्यावर तीनांतली मधली येईल असं फूल चेपा, म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पाकळी राहील आणि कडेच्या घड्यांत जाडी येणार नाही. मिटवताना फक्त समोरासमोरच्या दोन घड्या बाहेरच्या बाजूला कडक दाबायच्या. उरलेल्या चार घड्या नखाने उलट्या फिरवून मऊ करा. त्या आत-बाहेर कशाही वळलेल्या राहिल्या तर मिटलेलं फूल फुगतं, आणि सात फुलांचा फुगवटा जमला की कार्ड अर्धा सेंमी उघडंच राहतं.

पाकळ्यांचे शेंडे पेन्सिलीवर गुंडाळून वळवायची हौस असते. करा, पण बेताने. ज्या शेंड्यांना गोंद लागणार आहे ते सरळच ठेवा.

आता कामाचा गाभा. जोडणी अंदाजाने करू नका, आधी आलेख कागदावर साचा आखा. एक आडवी रेष काढा. तिच्यावर तीन खुणा करा, दर दोन खुणांत ४.५ सेंमी अंतर. हा आकडा कुठून आला? मिटलेल्या फुलात कडेची पाकळी मधल्या पाकळीपासून ४५ अंश कललेली असते. गोंदाचा ठिपका शेंड्यापासून ३ मिमी आत, म्हणजे बुडापासून ३.२ सेंमीवर लागतो. शेजारच्या दोन फुलांचे ठिपके एकमेकांवर यायचे तर त्यांच्या बुडांत ३.२ च्या १.४१ पट अंतर हवं, ते ४.५ सेंमी. साच्यावर बटर पेपर अंथरा, म्हणजे सांडलेला गोंद आलेख कागदाला चिकटणार नाही.

सगळी फुलं मिटलेली, बूड तुमच्याकडे, शेंडे समोर. पहिलं फूल मधल्या खुणेवर बूड टेकवून ठेवा, दुहेरी पाकळी खालच्या अंगाला. त्याच्या वरच्या अंगाच्या डाव्या आणि उजव्या पाकळीच्या शेंड्याशी गोंदाचा एकेक ठिपका द्या, बाजरीच्या दाण्याएवढा. दुसरं फूल डाव्या खुणेवर, तिसरं उजव्या खुणेवर ठेवा. दुसऱ्याच्या खालच्या अंगाचा उजवा शेंडा पहिल्याच्या डाव्या शेंड्यावर येईल, तिसऱ्याचं त्याउलट. मग दुसऱ्याच्या वरच्या अंगाच्या उजव्या शेंड्यावर आणि तिसऱ्याच्या डाव्या शेंड्यावर ठिपके, आणि चौथं फूल पुन्हा मधल्या खुणेवर, बरोबर पहिल्याच्या डोक्यावर. चौथ्याच्या डाव्या-उजव्या शेंड्यांवर ठिपके देऊन पाचवं डावीकडे, सहावं उजवीकडे. पाचव्याच्या उजव्या आणि सहाव्याच्या डाव्या शेंड्यावर ठिपके देऊन सातवं मध्ये. एक-दोन-एक-दोन-एक असे थर, एकूण आठ ठिपके.

दर थराला बुडं रेषेवर आहेत ना हे पाहा, आणि प्रत्येक फुलाच्या आत बटर पेपरची चिंधी सरकवून ठेवा. गोंद पातळ कागदातून झिरपतो आणि फुलाची वरची-खालची पाकळीच एकमेकींना चिकटते. सगळं झाल्यावर असं फूल उघडायला गेलं की फाटतंच.

वाळल्यावर पहिल्याची खालची मधली पाकळी आणि सातव्याची वरची मधली पाकळी दोन हातांत धरून हलकेच ओढा. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी मांडणी दिसायला हवी, चौथं फूल मध्ये आणि सहा भोवती. प्रत्येकाच्या सहा पाकळ्या सहा दिशांना, म्हणून ही रचना इतकी चपखल बसते. नीट पाहिलंत तर फुलं एकूण बारा ठिकाणी एकमेकांना भिडतात. त्यातले आठच जोड आपण चिकटवले. एकाच रांगेतल्या फुलांच्या मधल्या पाकळ्यांचे उरलेले चार मोकळे सोडायचे. तेही चिकटवले तर रचना ताठ होते, आणि हातकामातली मिलिमीटर-दोन मिलिमीटरची चूक सामावून घ्यायला जागा राहत नाही.

गोंद कमी का, याचं उत्तरही इथेच आहे. मिटलेल्या अवस्थेत जोडलेल्या दोन पाकळ्या एकाच पातळीत असतात, उघडल्यावर त्या एकमेकींपासून दूर कलतात आणि फक्त शेंड्यांशी भेटतात. म्हणजे तो जोड बिजागरीचं काम करतो. ठिपक्याऐवजी पाकळीभर गोंद लावला तर बिजागरीची फळी होते. फुलं अर्धवट उघडून थांबतात, आणि पुन्हा मिटताना पाकळी जोडाशी मुडपते. तुमचं कार्ड मध्येच अडतं त्याचं कारण बहुधा हेच.

गोंद म्हणून फेविकॉल ठीक, पण काडीच्या टोकाने लावा, बाटलीच्या तोंडाने नको. ग्लूस्टिक स्वच्छ काम करते, पण एवढ्याशा ठिपक्यात तिची पकड पुरत नाही. दुहेरी चिकटपट्टीचे ३ मिमीचे चौकोन वापरणारेही आहेत. त्यात सरकवून दुरुस्ती करता येत नाही आणि जाडी वाढते, म्हणून मी ती पानावर चिकटवण्यापुरतीच ठेवतो. पावसाळ्यात पाण्याचा गोंद वाळायला वेळ लागतो आणि कागद ओल धरून सुरकुततो. तेव्हा जोडणी झाल्यावर गुच्छ बटर पेपरमध्ये घालून जाड पुस्तकाखाली रात्रभर ठेवलेला बरा.

गुच्छ कार्डात बसवताना बुडं मधल्या घडीकडे, शेंडे बाहेर. उलटं बसवलं तर उघडल्यावर फुलं पालथी पडतात आणि त्यांची पाठ दिसते. बुडं घडीपासून किती लांब, यावर फुलं किती उमलणार हे ठरतं. बुडं घडीवरच टेकवली तर कार्ड पूर्ण उघडल्यावर फुलाच्या समोरासमोरच्या पाकळ्यांमध्ये साधारण ६० अंशांचा कोन राहतो, फुलं अर्धोन्मीलित दिसतात. पाकळीच्या लांबीच्या ०.७ पट लांब ठेवली तर तो कोन ८८ अंशांच्या आसपास जातो, म्हणजे द्रोण अगदी गोल. त्याहून लांब नेली की फुलं उघडण्याच्या दिशेने ताणली जाऊन लांबट होतात, जोडांवर ओढ येते, शेंडे उखडतात आणि कार्ड पुरतं उघडत नाही. त्या मर्यादेच्या आत राहायचं, म्हणून आपल्या ३.५ सेंमी पाकळीला २ सेंमी अंतर योग्य.

डाव्या पानावर घडीला समांतर, २ सेंमीवर फिकी रेष काढा. पानाचा मध्य, म्हणजे वरून १०.५ सेंमी, तिथे त्या रेषेवर खूण करा. पहिल्या फुलाच्या खालच्या मधल्या पाकळीला गोंद लावा (इथे मात्र पाकळीभर) आणि बूड त्या खुणेवर, पाकळीचा मध्य घडीशी काटकोनात ठेवून चिकटवा. सातव्या फुलासाठी मोजमाप करू नका. गुच्छ मिटलेलाच राहू द्या, सातव्याच्या वरच्या मधल्या पाकळीला गोंद लावा आणि कार्ड मिटून दाबा. उजवं पान आपली जागा आपणच घेतं. इथे पट्टीने मोजून चिकटवायला गेलं की हमखास फरक पडतो.

गोंद लावण्याआधी रंगसफेदीच्या कामाला वापरतात ती कागदी चिकटपट्टी लावून एकदा उघडझाक करून पाहणं शहाणपणाचं. पान उघडताना एकच कोपरा आधी वर आला तर पाकळी घडीशी काटकोनात नाही. मिटलेल्या कार्डाचे कोपरे जुळेनासे झाले तर बुडांची रेष घडीला समांतर नाही. दोन्ही दोष दिसायला सारखे, उपाय मात्र वेगळे.

पाकळ्या बाहेर डोकावतात, त्याचा हिशेब घडीच्या दिशेने करायचा, पानाच्या रुंदीच्या दिशेने नव्हे. आपला मिटलेला गुच्छ सुमारे १५ सेंमी रुंद आहे आणि घडी २१ सेंमी, म्हणजे दोन्हीकडे ३ सेंमी मोकळे. पानात मात्र गुच्छ घडीपासून जेमतेम ५.५ सेंमीपर्यंत पोचतो, पुढचे ९ सेंमी मजकुराला. गुच्छाला हिरव्या पानांची भर घालायची तर दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या फुलाच्या बाहेरच्या मोकळ्या पाकळ्यांच्या पाठीला लावा. ५ × १.५ सेंमीचा हिरवा तुकडा लांबीत दुमडून पानाच्या आकारात कापायचा आणि गुच्छाबाहेर २ सेंमीपेक्षा जास्त येऊ द्यायचा नाही. मधल्या रांगेत पानं नकोत. तिथे तीन फुलांचे मिळून सहा पदर आणि दुहेरी पाकळ्या आधीच आहेत. मोती, टिकल्या, खडे यांचंही तसंच. कार्ड मिटल्यावर ते समोरच्या पानावर खळी पाडतात.

कार्ड मिटल्यावर १४.८५ × २१ सेंमी होतं, ते सी-५ पाकिटात (१६.२ × २२.९ सेंमी) जातं. टपालाने पाठवायचं असेल तर सोबत पुठ्ठ्याचा तुकडा घाला, नाहीतर शिक्क्याचा ठसा फुलांवर उमटतो.

वेगळ्या मापात करायचं तर पाकळीची लांबी धरून चाला. मिटलेला गुच्छ तिच्या सुमारे ४.३ पट रुंद होतो, म्हणून २१ सेंमीच्या घडीला चौरस ८ सेंमीपेक्षा मोठा घेऊ नका. ए-५ कागद दुमडून लहान कार्ड केलं तर घडी १४.८ सेंमीची मिळते. तिथे ५ सेंमीचे चौरस घ्या, बुडांमधलं अंतर ३.२५ सेंमी, घडीपासून १.४ सेंमी, आणि गोंदाचा ठिपका शेंड्यापासून ३ ऐवजी २ मिमी आत. ५ सेंमीच्या खाली गेलात तर तिसऱ्या घडीत ८० जीएसएमसुद्धा जाड वाटू लागतो, तिथे पतंगी कागदच लागेल, आणि त्याला फेविकॉलचा ओलावा सोसत नाही.